जपानात राहताना: रोजचे व्याप आणि शनिवारच्या भटकंत्या

लोकलवाला

मराठीत जपानवर जे वाचायला मिळतं ते बहुतेक आठ-दहा दिवसांच्या सहलीचं असतं. टोकियो, फुजी, क्योटो, बुलेट ट्रेन, की परत विमानतळ. इथे नोकरीला किंवा शिकायला येऊन वर्षानुवर्षं राहणाऱ्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. त्याचे प्रश्न वेगळे: कुठला कचरा कुठल्या वारी, घरमालक नाही का म्हणाला, आणि शनिवारी पोरांना घेऊन गर्दी नसलेल्या कुठल्या ठिकाणी जाऊन रात्री घरी जेवायला येता येईल. म्हणून हा धागा. मी चिबाच्या बाजूला, तोझाई लाइनवर राहतो. त्यामुळे माझी माहिती टोकियोच्या पूर्वेकडे झुकलेली आहे. बाकीच्यांनी भर घालावी.

आधी व्याप उरकतो. राहायला आलात की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. तो नोंदला की आरोग्य विमा, माय नंबर (सरकारी ओळख क्रमांक), बँक, फोन अशा गाठी एकेक सुटत जातात. तोवर काही हलत नाही. विमानतळावर मिळालेलं रेसिडन्स कार्ड कायम खिशात हवं, कोपऱ्यावर भाजी आणायला गेलात तरी. पोलिसाने मागितलं तर दाखवावंच लागतं, तसा कायदा आहे.

घराचं प्रकरण जास्त अवघड. डिपॉझिट, एजंटचे पैसे, हमीदार कंपनीचे पैसे, बऱ्याच ठिकाणी दर दोन वर्षांनी करार पुढे न्यायचे पैसे, आणि वर ‘रेईकिन’: घरमालकाने घर दिलं म्हणून त्याला द्यायची, कधीही परत न मिळणारी रक्कम. इथल्या पुष्कळ गोष्टी मला पटल्या, ही कधी पटणार नाही. ‘परदेशी भाडेकरू नको’ हे एजंट अगदी नम्रपणे, मान लववून सांगतो. यावर चांगला उपाय म्हणजे यूआर या निमसरकारी संस्थेच्या भाड्याच्या वसाहती. तिथे रेईकिन नाही, हमीदार नाही, एजंट नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत. फक्त उत्पन्न किंवा शिल्लक दाखवावी लागते. निशिकासाई, ओजिमा भागात इतके भारतीय का जमले याचं एक कारण या वसाहती आहेत.

कचऱ्याचं वेळापत्रक प्रत्येक वॉर्डाचं निराळं. साधारणपणे जळणारा आठवड्यातून दोनदा, बाटल्या-डबे-कागद एकदा, न जळणारा महिन्यातून दोनदा. पिशव्या त्या दिवशी सकाळीच ठेवायच्या आणि वर जाळं ओढायचं, नाहीतर कावळे सगळ्या गल्लीला तुमचा स्वयंपाक दाखवतात. मोठं सामान (गादी, खुर्ची, सायकल) काढायचं तर आधी नोंदणी करून पैसे भरायचे, दुकानातून स्टिकर आणून त्यावर चिकटवायचं.

आता भटकंती. माझी पहिली शिफारस कामाकुरा नाही, निक्को नाही. चोशी. चिबाचं पूर्वेचं टोक, टोकियोहून ‘शिओसाई’ एक्स्प्रेसने दोन तासांच्या आतबाहेर. तिथून चोशी डेंटेत्सु नावाची ६.४ किलोमीटरची चिमुकली रेल्वे समुद्राकडे जाते, जुन्या डब्यांची, कोबीच्या शेतांतून. २००६ साली या कंपनीकडे गाड्यांच्या सक्तीच्या तपासणीलाही पैसे उरले नव्हते. त्यांनी संकेतस्थळावर सरळ लिहिलं की गाडी दुरुस्त करायला पैसे कमवायचेत, आमच्या सेम्बेई विकत घ्या. देशभरातून मागण्या आल्या आणि रेल्वे वाचली. आजही तिकिटांपेक्षा सेम्बेई विकून जास्त कमाई होते. ही ‘नुरे सेम्बेई’, म्हणजे भाजून लगेच सोया सॉसमध्ये बुडवलेली तांदळाची चकती. पावसाळ्यात डबा उघडा राहिलेल्या पापडासारखी मऊ लागते. पहिल्या घासाला वाटतं वाया गेली, तिसऱ्याला पुडा संपतो.

इनुबो स्टेशनवर उतरून इनुबोसाकी दीपगृहापर्यंत चालत जायचं. १८७४ चं दीपगृह, वर चढायला ९९ पायऱ्या, आणि पुढे नुसता पॅसिफिक. डोंगर आणि बेटं सोडली तर नववर्षाचा पहिला सूर्य मुख्य भूमीवर इथे दिसतो, म्हणून १ जानेवारीला झुंबड उडते. एरवी शनिवारीसुद्धा शांत. परतताना शेवटच्या तोकावा स्टेशनचं लाकडी घर पाहा. गाव सोया सॉसच्या कारखान्यांचं, वारा आपल्या बाजूचा असेल तर स्टेशनापासूनच वास येतो.

लिहायला आणखी बरंच आहे, पण आधी इतरांचं ऐकतो.

मुळ्याचा_पाला

धागा झकास. निशिकासाईकर हजर.

शाकाहाऱ्यांसाठी लिहिते, कारण नवीन आलेल्या प्रत्येकीचा पहिला महिना इथेच जातो. मांस दिसतं, त्याला टाळता येतं. अडचण दाशीची. बोनितो माशाच्या किसाचं ते पाणी मिसो सूपमध्ये, सोबा-उदोन नूडल्सच्या रश्श्यात, शिजवलेल्या भोपळ्यात, इनारी सुशीच्या टोफूत, सगळीकडे असतं. वाढणाऱ्या बाईंना विचारलं तर त्या प्रामाणिकपणे ‘मांस नाही’ म्हणतात. म्हणून ‘मांस चालत नाही’ एवढं सांगून थांबू नका. ‘मासे आणि दाशीही नको’ हे वेगळं सांगायचं.

पुड्यांवरच्या ॲलर्जीच्या चौकटीवरही विसंबू नका. अंडं, दूध, गहू, कोळंबी वगैरे तिथे लिहावंच लागतं, पण बोनितो त्या सक्तीच्या यादीत नाही. बारीक अक्षरातली घटकांची पूर्ण यादी वाचायची. ‘कात्सुओ’ (बोनितो), ‘बुता’ (डुक्कर), ‘तोरी’ (कोंबडी), ‘ग्योकाई’ (मासे-शिंपले) एवढ्या शब्दांची चिन्हं ओळखता आली की दुकानात निम्मं काम झालं. फोनचा कॅमेरा भाषांतर करतो, पण ‘एकिसु’, म्हणजे अर्क, हा शब्द कधीकधी गिळून टाकतो.

बाकी स्वयंपाकाला काही अडत नाही. साधं गोड नसलेलं योगर्ट आणून त्याच्याच विरजणावर घरचं दही लागतं. भेंडी ‘ओकुरा’ नावाने सगळीकडे, मोड आलेले मूग ‘मोयाशी’ म्हणून अगदी स्वस्त (मोड फार लांब, उसळीला नाही पण कोशिंबिरीला चालतात), कोथिंबीर मात्र चार काड्यांना सोन्याचा भाव. मुळा पाल्यासकट मिळाला तर सोडू नका. इथल्या लोकांना पाला नको असतो, शेतकरी बाजारात विचारलं तर वेगळा काढून देतात. पोहे, तूरडाळ, साबुदाणा, गोडा मसाल्याचं सामान निशिकासाईत किंवा शिन-ओकुबोच्या हलाल दुकानांच्या गल्लीत. भाव दोन्हीकडचे पडताळून घ्यावेत.

अवांतर: आपल्या एदोगावा वॉर्डाच्या सभेवर २०१९ साली निवडून आलेले योगेंद्र पुराणिक मूळचे मराठी. वॉर्ड ऑफिसात कुणीतरी आपल्यातलं बसलंय याचा तेव्हा सगळ्या वसाहतीला भारी आनंद झाला होता.

सांजवात

मी सांगलीची. मुलगा-सून कावासाकीला असतात, आम्ही दोघं वसंतात तीन महिने जाणार आहोत. यांचे गुडघे दुखतात. मुलगा म्हणतो कामाकुरा आणि एनोशिमा दाखवतो. आम्हाला झेपेल का? आणि देवदर्शन म्हणावं असं काही तिथे आहे का?

लोकलवाला

सांजवातताई, कामाकुराचे महाबुद्ध बिनधास्त बघा. पायऱ्या नाममात्र, आणि तेराव्या शतकातली ती ब्राँझची मूर्ती उघड्या आभाळाखाली बसलेली आहे, साडेअकरा मीटरच्या आसपास उंच. भोवतालचं लाकडी देऊळ पंधराव्या शतकातल्या सुनामीत वाहून गेलं असं सांगतात. तिथवर नेणारी एनोदेन गाडी लोकांच्या अंगणातून गेल्यासारखी जाते. फक्त जूनमध्ये हायड्रेंजियाच्या फुलांच्या दिवसांत आणि एप्रिल-मेच्या गोल्डन वीकच्या सुट्ट्यांमध्ये तिच्यात पाय ठेवायला जागा नसते. मंगळवार-बुधवार गाठा.

एनोशिमा मात्र यांच्या गुडघ्यांसाठी नको. तिथे १९५९ पासून ‘एस्कार’ नावाचे सरकते जिने आहेत, तिकीट काढून वर नेतात. खाली आणत नाहीत. उतरायच्या सगळ्या पायऱ्या आपल्या आपण. गुडघेदुखीत उतरणं जास्त त्रासाचं हे तुम्हाला मी सांगायला नको.

देवदर्शनाचं म्हणाल तर इथे आपले देव पुष्कळ आहेत, नावं आणि वेष बदलून. एनोशिमाची बेन्झाइतेन म्हणजे सरस्वती. तिच्या हातातली वीणा इथे बिवा झाली. ती हुकली तरी हळहळू नका, टोकियोतच दोन ठिकाणं आहेत, दोन्हीकडे गुडघ्यांना फार त्रास नाही.

एक, शिबामाता. तिथला ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. स्टेशनापासून देवळापर्यंत जुन्या दुकानांची गल्ली, तीत योमोगी नावाच्या पाल्याचे हिरवे दांगो (तांदळाच्या पिठाचे गोळे) मिळतात, वर लाल चवळीसारख्या अझुकीचं पुरण. शाकाहारी. देवळाच्या भिंतींवर लाकडात सद्धर्मपुंडरीक सूत्रातले प्रसंग कोरलेत, काच लावून जपलेत. मागे एदो नदीवर हाताने वल्हवायची होडी अजून चालते, हवा बरी असेल तर.

दुसरं, आसाकुसाच्या मोठ्या देवळापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर मात्सुचियामा शोदेन. तिथे कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्ती दाखवत नाहीत, गुप्त ठेवलेली असते. नैवेद्य मुळ्याचा! भाविक आख्खा मुळा विकत घेऊन देवापुढे ठेवतात, देवळावर जिकडेतिकडे मुळ्याची नक्षी, आणि ७ जानेवारीला मुळ्याचा उत्सव. टेकडी लहान आहे, तरी वर जायला छोटी पाळण्यासारखी गाडी ठेवली आहे.

मुळ्याचा_पाला

माझ्या आयडीचा त्या देवळाशी संबंध नाही हे आधीच स्पष्ट करते :)

मोदक अगदीच हरवला नाही बरं का. क्योटोत कांकिदान नावाची मिठाई मिळते, मुरडलेल्या पुरचुंडीच्या आकाराची, तिळाच्या तेलात तळलेली. मुळात ती कांगितेनाच्या नैवेद्याची. कवच चांगलंच टणक, वास धूपासारखा. उकडीच्या मोदकाची आशा ठेवून खाऊ नये.

सांजवातताई, नारिता-सानच्या देवळातही जा. तिथे दिवसातून बऱ्याच वेळा ‘गोमा’ असतो, म्हणजे चक्क होम. समिधा, अग्नी, ढोल, आणि जपानी उच्चारांत संस्कृत मंत्र. मात्र स्टेशनावरून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ईल मासे दुकानाच्या तोंडाशीच कापतात. तेवढा पट्टा दुसऱ्या बाजूने चाला.

सांजवात

दोघांचे आभार. मुळ्याचा नैवेद्य ऐकून हे म्हणाले, “मग तिथेच आधी जाऊ.” यांना भाजी फार आवडते.

सुकुबा_सायकल

मी विद्यार्थी, सुकुबात. इथे शहराची कथा वेगळी. सायकल नसेल तर माणूस अपंग. सायकल घेताना चोरीविरोधी नोंदणी करून घ्यायची. मित्राकडून जुनी घेतली तर नाव बदलून घ्या, नाहीतर रात्री पोलिसाने अडवलं की स्पष्टीकरण देत बसावं लागतं. स्टेशनपाशी कुठेही लावली की उचलून नेतात आणि सोडवायला पैसे लागतात.

अर्धवेळ कामाला परवानगी काढावी लागते, आणि सत्र चालू असताना आठवड्याला २८ तासांची मर्यादा आहे. दोन ठिकाणी काम केलं तर दोन्हीचे तास एकत्र धरतात. व्हिसा वाढवताना हे तपासतात, त्यामुळे ‘कुणाला कळतंय’ म्हणणाऱ्या सीनियरचं ऐकू नका.

भटकंती: सुकुबा डोंगर, ८७७ मीटर, दोन शिखरं, एक पुरुष एक स्त्री, आणि उंच शिखर स्त्रीचं. जवळच उशिकूचा १२० मीटरचा बुद्ध आहे, आत लिफ्टने वर जाता येतं. एवढ्या उंच मूर्तीच्या पायाशी सशांचा छोटा बाग का असावा हे कोडं मला सुटलेलं नाही.

आता एक मनातलं. गाडी भरलेली असते आणि माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. रोज नाही, पण वरचेवर. तुम्हाला सगळ्यांना होतं का हे?

परत_पुण्यात

होतं. मी आठेक वर्षं राहून परत आलो, शेवटपर्यंत झालं. पण नंतर बघायला लागलो तर इथले लोक एकमेकांच्या शेजारीही टाळतात, दोन्ही टोकांच्या जागा आधी भरतात. आपण उगाच सगळं अंगाला लावून घेतो.

सुकुबा_सायकल

सर, टोकांच्या जागा आधी भरतात हे मीही पाहिलंय. पण दारात माणसं उभी आहेत आणि फक्त माझ्या शेजारी रिकामं आहे, तेव्हा ते अंगाला लावून घेणं नसतं.

दप्तरवाली

सुकुबा, तुझं खरं आहे आणि ते खरं आहे असं म्हणायलाही हरकत नाही. माझ्या शेजारी एकदा एक आजी मुद्दाम येऊन बसल्या, माझ्या मुलीशी पूर्ण प्रवासभर बोलल्या, उतरताना संत्री दिली. त्याने बाकीच्या दिवसांची रिकामी जागा भरत नाही. दोन्ही होतं.

आता माझा विषय. मुलगी इथल्या सरकारी प्राथमिक शाळेत आहे. शाळेचं जेवण सगळ्यांना सारखं, पण महिन्याचा तक्ता घटकांसकट आधी मिळतो. शाळेतल्या आहारतज्ज्ञ बाईंशी बसून कुठल्या दिवशी घरचा डबा द्यायचा ते ठरवता येतं. आमच्याकडे सगळे दिवस डबाच असतो आणि वर्गाला त्याची सवय झाली. पोळीभाजीचं कौतुक संपलं. टोकियोच्या वॉर्डांत २०२३ पासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा दवाखान्याचा खर्चही वॉर्ड उचलतो. त्याचं वेगळं कार्ड मागून घ्यायचं, आपोआप येईलच असं धरून बसू नका.

भूकंपाचं नवीन लोकांना फारसं कुणी सांगत नाही, ते सांगते. फोन सगळे एकदम किंचाळतात तेव्हा हातात काही सेकंद असतात, तेवढ्यात गॅस बंद करायला धावू नका. मोठा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. टेबलाखाली शिरा. कपाटं भिंतीला आवळून घ्या. भाड्याच्या घरात खिळे चालत नाहीत, त्यासाठी छताला टेकणारे खांब मिळतात. शाळेत मुलांच्या खुर्चीला डोक्यावर घ्यायची जाड टोपी लावलेली असते. दर वर्षी एकदा सराव म्हणून सगळ्या पालकांना शाळेत जाऊन मूल ‘ताब्यात’ घ्यावं लागतं, ऑफिसात सुट्टी काढून. तो चुकवू नका. मोठ्या आपत्तीत फोन लागत नाहीत तेव्हा १७१ वर निरोप ठेवता येतो, घरच्यांनी कुठला नंबर वापरायचा ते आधी ठरवून ठेवा. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला हा नंबर सरावासाठी चालू असतो.

कोबेची_काकू

सगळे टोकियोवालेच दिसताय. आमच्या कान्साईला, म्हणजे ओसाका-क्योटो-कोबेच्या भागाला, विसरलात होय!

आमची दिवसाची सहल म्हणजे नारा. हरणं मान लववून बिस्किटं मागतात आणि बिस्किटं संपली की मागून ढुशी देतात, हे सगळ्यांना माहीत असतं. तोदाइजीच्या देवळात गेल्यावर एवढं लक्षात ठेवा की ७५२ साली त्या महाबुद्धाचे डोळे उघडायचा, म्हणजे बुबुळं रंगवायचा विधी बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हातून झाला होता. तेव्हा हा माणूस भारतातून चीनमार्गे समुद्र ओलांडून इथे पोचला कसा, हे आठवलं की व्हिसाच्या रांगेची तक्रार करवत नाही.

आणि कोयासान, बौद्ध देवळांचा डोंगर! ओसाकाच्या नाम्बाहून नानकाइ लाइनने गोकुराकुबाशी, तिथून केबल कार. सकाळी लवकर निघालात तर दिवसात होतं. कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ च्या सप्टेंबरात तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते अनावरण झालं. महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्यांना मी तिथे नेतेच. पुढे ओकुनोइनच्या स्मशानात देवदारांखाली दोन लाखांवर समाध्या, सरदारांच्या, कंपन्यांच्या, आणि एक चक्क वाळवीची: वाळवी मारायचा धंदा करणाऱ्यांनी तिच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून उभारलेली. जेवायला देवळांतलं शोजिन अन्न, तीळ-टोफू, कोया-टोफू, कांदा-लसूणसुद्धा नाही. मुळ्याचा_पाला, तुम्ही या एकदा.

हिवाळ्यात मात्र वर बर्फ असतो, कोबेच्या कपड्यांत जाऊ नका.

परत_पुण्यात

माझ्याकडून कोरडं पण पैशाचं. भारत-जपान सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. भारतीय कंपनीने पाच वर्षांपर्यंतसाठी पाठवलं असेल आणि पीएफ कार्यालयाचं प्रमाणपत्र बरोबर असेल तर जपानी पेन्शन भरावी लागत नाही. जपानी कंपनीत नोकरी असेल तर भरावीच लागते. कायमचं परतल्यावर दोन वर्षांच्या आत अर्ज केला तर एकरकमी काही परत मिळते, पण हिशेब जास्तीत जास्त पाच वर्षांचाच धरतात, आणि ती घेतली की त्याआधीचा सगळा काळ पुढे पेन्शनसाठी मोजला जात नाही. नोकरदारांच्या त्या रकमेतून २०.४२ टक्के कर कापतात. तो सोडवायला निघण्याआधी टोकियोत एखाद्याला करप्रतिनिधी नेमून जा. विमानतळावर गेल्यावर हे आठवून उपयोग नाही.

सुकुबा_सायकल

ही प्रतिक्रिया वाचनखूण म्हणून साठवली.

लोकलवाला, १८-किप्पूबद्दल, म्हणजे सुट्टीच्या हंगामातल्या त्या स्वस्त रेल्वे पासाबद्दल, लिहा ना. मुलं अजून जुन्या माहितीवर बेत आखतात.

लोकलवाला

त्याचं नाव काढलंस आणि जखमेवर मीठ चोळलंस. पूर्वी १२,०५० येनमध्ये पाच शिक्के, हंगामातल्या कुठल्याही पाच दिवशी, किंवा पाच मित्र मिळून एकाच दिवशी. २०२४ च्या हिवाळ्यापासून सलग पाच दिवस, तेही एकट्यानेच. सलग तीन दिवसांचं १०,००० ला. शनिवार-शनिवार वापरणाऱ्या आमच्यासारख्यांसाठी ते तिकीट संपलं. विद्यार्थ्यांना सुट्टीत सलग भटकायचं असेल तर अजूनही परवडतं, रोज किती अंतर जाणार ते कागदावर मांडून मगच घ्या.

त्याऐवजी पूर्वेकडचाच दुसरा बेत देतो: नोकोगिरियामा. हामा-कानाया स्टेशन, रोपवे, वर जुन्या दगडाच्या खाणी आणि ‘नरकदर्शन’ नावाचा दरीवर पुढे आलेला कडा. खाली डोंगरात कोरलेला ३१ मीटरचा बुद्ध. वाटेत शेकडो अर्हतांच्या मूर्ती, पुष्कळांची डोकी एकोणिसाव्या शतकात, मेजी काळातल्या बौद्धविरोधी लाटेत उडवलेली. पायऱ्या भरपूर, सांजवातताईंनी हे वाचलं नाही असं समजावं. परतताना फेरीने चाळीस मिनिटांत समुद्र ओलांडून कुरिहामा, म्हणजे घरी दुसऱ्या बाजूने येता येतं.

दप्तरवाली

फेरीवर पोरं खूश होतील. पण वारा असला तर ती बंद असते ना?

लोकलवाला

हो, जोराचा असला तर रद्द होते. निघायच्या दिवशी सकाळी त्यांचं संकेतस्थळ बघायचं, आणि रद्द दिसली तर उचिबो लाइनने आल्या वाटेने परत. पोरांसाठी सुकं खाणं घरूनच न्या, कानायात शाकाहारी शोधण्यात वेळ जाईल.

मुळ्याचा_पाला

शंकरपाळे. टिकतात.

सांजवात

वाचलं मी. यांना सांगितलं नाही. शंकरपाळे किती किलो आणू?

मुळ्याचा_पाला

आणू नका ताई, इथे मैदा मिळतो. आणायचाच तर गोडा मसाला आणा. मांस असलेलं काही नको, ताजी फळं-भाज्याही नकोत, आणि आंब्याचं तर नावच काढू नका. कुणी ‘एकच पेटी’ म्हणालं तरी.